ग्रामोफोनच्या पिना

बाणगंगेवर अच्युतच्या दहाव्याचा पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. फाउंटनच्या गोळीबारात गेलेल्या पोराची इच्छा काय राहिली असेल, याबद्दल कुणाला शंका नव्हती. थोरले काका हात जोडून म्हणाले, "मुंबई महाराष्ट्राला मिळवल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही, बाळा." कावळा कठड्यावरून हलला नाही. अच्युत मोर्चाला नव्हे, ग्रामोफोनच्या पिना आणायला गेला होता, हे फक्त त्याच्या वडिलांना, अप्पांना, ठाऊक होतं. जर्मनीला शिकायला जायचं म्हणून खोलीत रोज तिकडच्या भाषेची तबकडी वाजायची. "बंद कर कटकट" म्हणता म्हणता अप्पांनाही ती पाठ झाली होती. ते पुढे होऊन तबकडीच्याच सुरात म्हणाले, "इश बिन गूट आनगेकोमन." कावळा झेपावला. "काय कबूल केलंस रे?" काकांनी विचारलं. "पोचल्यावर पोरगा हीच तार करणार होता," अप्पा म्हणाले. "सुखरूप पोचलो."