गुप्त मत

“नाव सांगा, मी जातो,” प्राध्यापक म्हणाले आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसले.

तिने हातातल्या टाइप केलेल्या कागदांच्या कडा जुळवल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

संस्थेत सगळे त्यांना पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. तोफेचा संशोधनाचा प्रस्ताव आजवर कधी नामंजूर झाला नव्हता. या वर्षी झाला होता, आणि तोही एका मतावरून. प्रस्तावात नवं काही नाही, आधी झालेल्या कामाची फिकी नक्कल आहे, असं कुणा तज्ज्ञाने कळवलं होतं.

“मी नक्कल करणार?” ते म्हणाले. “हा विषय कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला कोण, एवढंच विचारतोय.”

नियमात बसत नाही, असं तिने हळू आवाजात सांगितलं. उठता उठता त्यांनी सहज चौकशी करावी तसं विचारलं, की तिची नोकरी पक्की व्हायची आहे ना अजून? ती पक्की करणाऱ्या समितीवर आपण आहोत, हेही सांगितलं.

दार लागलं. तिने कागद कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

संशोधनाचं व्यवस्थापन हाही एक व्यवसाय असतो, हे ती या कामात आली तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. ती प्रयोगशाळेत रमलेली होती. प्रस्तावांचं कार्यालय सांभाळणाऱ्या बाईंना निवृत्तीचे वेध लागले आणि त्यांनी तिला हेरलं. जुने सोबती म्हणाले, नळ्या धुऊन कंटाळली, आता फायली धुणार. पण काम तिला आवडलं. प्रस्ताव आला की वरचं नावाचं पान काढायचं, क्रमांक घालायचा, आणि त्या विषयातल्या जाणत्याकडे पाठवायचा. बड्या लोकांचे प्रस्ताव त्यांचे विद्यार्थीच लिहितात आणि बडे नुसती सही ठोकतात, हेही तिला लवकरच कळलं. मत आलं की ते आपल्या शब्दांत उतरवून कळवायचं, म्हणजे भाषेवरून माणूस ओळखू येत नाही. कोणी कोणावर मत दिलं, ते फक्त व्यवस्थापकाला ठाऊक.

“आपल्या कामात अक्कल बेताची चालते,” बाई जाताना म्हणाल्या होत्या. “पोट मात्र मोठं लागतं.”

त्या पोटातलं एक नाव आता रोज जड होत चाललं होतं.

कारण तोफेने स्वतःच गुन्हेगार ठरवून टाकला होता. पलीकडच्या खोलीत एक मवाळ अधिव्याख्याता बसायचा. कधीकाळी भर चर्चासत्रात त्याने तोफेची चूक काढली होती. आधी त्याचे विद्यार्थी दुसरीकडे वळवले गेले. मग त्याच्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. एका सकाळी तो तिला खोलीबाहेरच्या बोळात खोक्यावर बसलेला दिसला. सूक्ष्मदर्शक त्याने मांडीवर घेतला होता, आजारी लेकरू घ्यावं तसा.

“हवा छान येते इथे,” तो हसून म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “ते मत माझं नाही हो. तुम्हाला तर माहीत आहे.”

तिला नुसतं हो म्हणता आलं असतं. तेही तिने म्हटलं नाही. दुपारचा डबा तसाच घरी परत आला.

डबा पाहून सासूबाईंनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई त्या, त्यांच्यापुढे लपवालपवी चालायची नाही.

“सांगून टाक की नाव,” त्या म्हणाल्या. “ज्याने लिहिलं तो निस्तरेल.”

“आई, नाव सांगितलं तर दोघं बुडू. तो आणि मी.”

“तू कशी?”

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

“आणि तो खोक्यावरचा बुडतोय, त्याचं काय?” सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. ते मत बाजूला ठेवून नवं मागवू या, म्हणून तिने विनवलं. संचालक भले गृहस्थ होते, पण निवृत्तीपर्यंत सुखाने जगायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, तोफेच्या तोंडी मला कशाला देता?

मग बैठक लागली. लांब टेबलाभोवती सगळे विभागप्रमुख बसले होते. अधिव्याख्यात्यालाही बोलावलं होतं, पण खुर्ची दिली होती भिंतीकडेची. प्राध्यापकांनी ठराव मांडला: ज्याने ते मत दिलं, त्याने आकसाने संस्थेचं नुकसान केलं आहे; त्याचे सगळे प्रकल्प काढून घ्यावेत आणि त्याला पुन्हा कोणत्याही समितीवर घेऊ नये. एकेक करून हात वर झाले. हात वर करताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला. आता नाव, असं संचालक म्हणाले. तिच्याकडे वळून ते म्हणाले, तुम्ही गप्प राहिलात, तर सगळ्यांचा संशय आहे त्याचंच नाव लिहावं लागेल.

भिंतीकडे बसलेला माणूस आपल्या नखांकडे पाहत होता. घरी अजून सांगितलेलं नाही, असं तो आत येताना तिला म्हणाला होता.

ती उठून उभी राहिली.

“मी प्राध्यापकांना एकट्यांना सांगू का? बाजूच्या खोलीत?”

“चोरून कशाला?” प्राध्यापक म्हणाले. “इथेच सांगा.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. आणि मोठ्याने.”

तिने एकदा संचालकांकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

“सर, चूक माझी आहे,” ती प्राध्यापकांकडे वळून म्हणाली. “वरचं पान काढलेला तो प्रस्ताव मत द्यायला मी तुमच्याकडेच पाठवला होता.”