खोक्यावर न छापलेला प्रकार

व्हिडिओ गेमच्या नव्या कन्सोलची घोषणा झाल्यापासून परागचं डोकं फिरलं होतं. खेळ शर्यतीचा, कोड्याचा की मारामारीचा, हे म्हणे आता खोक्यावर छापणारच नाहीत. मनगटावरचा पट्टा खेळणाऱ्याची नाडी बघून ते ठरवणार!

"प्रकार नियमांवरून ठरतो, माणसावरून नाही," त्यानं दुकानदाराला सुनावलं.

डेमोचा खेळ साधाच होता. स्वयंपाक करायचा, पानं वाढायची, बेल वाजली की दार उघडायचं. पराग खेळला. पडद्यावर उमटलं, 'निवांत'.

मग त्याच्या बायकोनं, शर्वाणीनं, पट्टा बांधला. भाजी, पोळ्या, कोशिंबीर तिनं झटपट उरकली. खेळातली बेल वाजली, तिनं दार उघडलं, खेळ संपला. पडद्यावर उमटलं, 'भय'.

"यंत्र नवीन आहे, साहेब," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"नवीन कसलं, भंगार आहे!" परागचा आवाज चढला. "शर्वाणी, सांग ना यांना! घाबरण्यासारखं काय आहे यात?"

"काहीच नाही," ती हळूच म्हणाली.

पट्टा अजून तिच्या मनगटावरच होता. परागच्या डोळ्यांदेखत पडद्यावर तोच शब्द पुन्हा उमटला. या वेळी बेल वाजली नव्हती.