दारावरचा सात

आकडा एकदाचा सुटला. बारीक ब्रशने तिने त्याच्या कडेखाली पाण्याचा थेंब सरकवला होता, तसं गाडीच्या दारावरचं ते पातळ पापुद्र्यासारखं चिकटचित्र, नवरा ज्याला डिकॅल म्हणायचा, जागचं हललं. पांढरा सात पुढच्या चाकाकडे चांगलाच कलला होता. तिने भिंग डोळ्याशी धरलं आणि श्वास रोखून तो केसभर मागे ढकलला. आतल्या खोलीत नवऱ्याचं दुपारचं घोरणं रंगात आलं होतं.

गाडी तळहातावर मावेल एवढी. निळा रंग त्यानेच चढवलेला, एकावर एक हात देऊन, मधे घासून, पुन्हा देऊन. आत सीटचे पट्टे, पट्ट्यांना बकलं, डॅशबोर्डवर सुईच्या टोकाने काढलेले काटे. हात अजून त्याचा तसाच होता. दगा दिला तो डोळ्यांनी. "सरळ रेघ तुम्हाला वाकडी दिसणार आणि वाकडी कदाचित सरळ," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो एवढंच म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या हातून आकडा वाकडा बसेल, त्या दिवशी हे दुकान बंद. फुकटची लुडबुड नको."

दुकान बंद म्हणजे रंगाच्या बाटल्या माळ्यावर, आणि हा माणूस दिवसभर खिडकीत. ते तिला बघवलं नसतं.

एके काळी तीच या गाड्यांना नाकं मुरडायची. "नातवंडांच्या वयाला शोभणारे उद्योग," असं चारचौघांत म्हणायची. मग तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ती पलंगाला खिळली. त्याने काही न बोलता आपलं टेबल तिच्या उशाशी आणून मांडलं. मित्र पत्ते खेळायला हाका मारायचे. तो आतूनच ओरडायचा, "रंग ओला आहे रे, सोडून येता येत नाही." रंग केव्हाच वाळलेला असायचा. ते तिला पडल्या पडल्याही दिसायचं. डिकॅल पाण्यात किती भिजवायचं, कागदावरून कसं सरकवायचं, फडक्याने कसं दाबायचं, हे सगळं ती तेव्हाच बघून शिकली. ती पुन्हा चालायला लागली, पण आभार मानायचे राहून गेले. नवऱ्याचे आभार मानायचे म्हणजे काहीतरी परक्यासारखं वाटतं, जीभ रेटत नाही.

म्हणून हे. नवीन गाडीवर आकडा बसला की तो झोपल्यावर ती टेबलाशी यायची आणि आकडा सरळ करून गुपचूप निघून जायची. संध्याकाळी तो वरून पारदर्शक लॅकर मारायचा, मग आकडा कायमचा. त्याला सरळ-वाकडं कळत नाही, तेव्हा हेही कळणार नाही, असा तिचा सरळ हिशोब होता.

सात आता दाराच्या रेघेला समांतर आला. तिने फडक्याचं टोक हलकेच टेकवलं, पाणी टिपलं. घोरणं थांबलेलं तिच्या लक्षातच आलं नाही.

"काय चाललंय?"

एका हातात भिंग, दुसऱ्यात फडकं. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

"कुठे काय. धूळ बसली होती, पुसत होते."

तो स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. गाडी उचलून उजेडाकडे धरली, मान इकडे तिकडे करून बघितली. आता हा एकेका बाटलीचं झाकण लावणार, आणि त्याला कारण आपणच होणार.

"वाकडा बसला होता ना?" त्याने विचारलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. स्टिकरच तो, जरासा इकडे तिकडे..."

"डिकॅल," त्याने सवयीने दुरुस्त केलं. "आणि त्या लाल गाडीचा? जीपचा?"

तिने भिंग खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"सगळेच, म्हणजे," तो म्हणाला. पण आवाजात राग नव्हता. ती चमकून त्याच्याकडे बघायला लागली.

"तुम्हाला ठाऊक होतं? अहो, पण तुम्हाला तर दिसत..." तिने जीभ चावली. "मग दुकान का नाही बंद केलंत?"

तो हसला. गाडी त्याने जपून तिच्या तळहातावर ठेवली, आकडा तिच्याकडे करून.

"अगं वेडे, लावताना तो मला अगदी सरळ दिसतो. झोपून उठतो आणि बघतो, तर वाकडा. वाकडा दिसला की कळतं, तू येऊन गेलीस. मग मनातल्या मनात तुझे आभार मानतो, आणि लॅकर मारतो."