घासलेला बिल्ला

"इथलं काहीतरी निघालंय," लुडर्स म्हणाले. त्यांनी बिल्ला खिडकीकडे धरला होता.

"निघालं नाही, काढलंय," एवाल्ड रोडे म्हणाले. "नाझींचं स्वस्तिक होतं. इंग्रज सैनिक गावात शिरायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोने कानशीने घासून टाकलं. म्हणाली, धावले मी, पोहले मी, यांचं चिन्ह कशाला?"

लुडर्स हसले. रोडेंनी लगेच त्यांच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

"बेकरीचा आहे. जरा कडक झालाय."

"दात माझेच आहेत. चालेल."

त्यांची बायको हेड्डा वारल्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. दुपारची कॉफी रोडेंना एकट्याने घशाखाली उतरत नसे. म्हणून त्यांनी पेपरात जाहिरात दिली: युद्धकाळातला कांस्य क्रीडा-बिल्ला विकणे आहे. बिल्ला त्यांना विकायचा नव्हताच. कुणीतरी यावं आणि बसावं, एवढंच हवं होतं. पण संग्राहक मंडळी घासलेली जागा बघत आणि दारातूनच परत फिरत. त्यांना चिन्ह शाबूत लागे. लुडर्स मात्र आत येऊन बसले होते.

"कांस्य म्हणजे तिसरा नंबर आला होता वाटतं?"

"नंबराचा प्रश्नच नाही त्यात. धावणं, उडी, फेक, पोहणं, सगळ्या चाचण्या पास व्हायच्या. तरुणांना कांस्य, वय वाढलं की रौप्य. हेड्डा तेव्हा बावीसची होती."

"असं होय. आणि पोहायची कुठे?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. रोडेंनी तळं सांगितलं, मे महिन्यातलं गार पाणी सांगितलं. ओठ निळे पडलेले असताना ती परीक्षकाला म्हणाली होती, तुम्ही उतरून दाखवा आधी. लुडर्स मोठ्याने हसले. कॉफी पुन्हा ठेवली गेली. किमतीचा विषय दोघांनीही काढला नाही.

बाहेर अंधारायला लागलं तसे लुडर्स उठले.

"बायकोची आठवण आहे ही. तुमच्याकडेच राहू दे."

रोडेंना हायसं वाटलं. मग पुढची दुपार आठवली, आणि त्यानंतरचीही. लुडर्सनी एक हात कोटात घातला होता.

"माझाही एक आहे," रोडे घाईने म्हणाले. "चिन्हासकट, अगदी शाबूत. माळ्यावर कुठेतरी असेल. पुढच्या गुरुवारपर्यंत शोधून ठेवतो. याल?"

स्वतःचा बिल्ला रोडेंनी पंचेचाळीस सालीच नदीत फेकला होता.

लुडर्सनी सावकाश दुसरा हात कोटात घातला. बटणं लावली. टोपी घेतली.

"येतो ना. पण माळ्यावर चढू नका, रोडेसाहेब. पडलात तर आपला गुरुवार बुडेल. आणि खरं सांगू का, मला बिल्ल्यांतलं काही कळत नाही."