सेटवाल्याचं पाकीट

नवऱ्यामुलाचे मामा एकटेच आले. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींना चुकवून त्यांनी मुलीच्या वडिलांना, विद्याधररावांना, हॉलच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी नेलं. नंदकुमारनं काल रजिस्टर लग्न केलंय, ऑफिसातल्या एका मुलीशी, असं ते खाली बघत म्हणाले. घरच्यांना आज सकाळी कळलं. वऱ्हाड येणार नाही.

विद्याधरराव "बरं" म्हणाले. मामा आणखी काही ऐकून घ्यायच्या तयारीनं थांबले होते. काहीच आलं नाही तेव्हा ते रिक्षात बसून निघून गेले.

हॉल भरला होता. अक्षता वाटून झाल्या होत्या. कर्ण्यांतून सनई वाजत होती. विद्याधररावांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तिथे सेटवाल्याचं, म्हणजे लाउडस्पीकर लावणाऱ्याचं, पाकीट होतं. पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं, पण हे पाकीट द्यायचं आहे एवढं कळत होतं. ते स्टेजच्या कडेला निघाले.

या पाकिटाची त्यांनी फार काळजी घेतली होती. त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एका लग्नात सेटवाला सगळे पैसे आधी घेऊन उगवलाच नव्हता. म्हणून या सेटवाल्याला, धाकूला, ठरवण्याआधी विद्याधरराव अंधेरीहून मरोळला दोनदा जाऊन आले. शेजारच्या दुकानदारांना विचारलं, माणूस कसा आहे, शब्द पाळतो का. गिरणी संपात गेल्यावर यानं हा धंदा काढला, आजवर कुणाला बुडवलं नाही, असंच सगळे म्हणाले. तरी त्यांनी अर्धेच पैसे हातावर ठेवले आणि सही घेतली. बाकीचे पैसे लग्न वाजवून झाल्यावर द्यायचे. मुलुंडला नंदकुमारच्या घरी मात्र ते एकदाच गेले होते. शिकलेली माणसं, बँकेतली नोकरी. तिथे शेजारीपाजारी चौकशी करणं बरं दिसलं नसतं.

धाकू कॅसेटच्या पेटीवर बसला होता. पाकीट बघून तो उठला, पण हात पुढे केला नाही. वाजवून झाल्यावर घ्यायचं ठरलंय, आत्ता कशाला, असं तो म्हणाला.

"लग्न होत नाहीये," विद्याधरराव म्हणाले. "मुलगा येणार नाही."

बायकोला सांगायच्या आधी, मुलीला सांगायच्या आधी, त्यांनी ते धाकूला सांगितलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं, पण आत काही हललं नाही.

धाकूनं सनई बंद केली.

त्या शांततेनं सगळ्यांच्या माना वळल्या. बोलणं थांबलं. धाकूनं माईक पुढे केला. लोकांना सांगावं लागेल साहेब, असं तो हळूच म्हणाला. विद्याधररावांनी माईक हातात घेतला. कर्ण्यांतून त्यांचा श्वास तेवढा बाहेर आला, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी माईक खाली केला.

सनई का थांबली म्हणून शुभा खोलीच्या दाराशी आली होती. हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या. वडिलांचा चेहरा बघून ती सरळ त्यांच्याकडे चालत आली. त्यांनी मामांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिनं विचारलं, आईला माहीत आहे का. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

शुभा परत गेली. दार लागलं. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून धाकूसुद्धा कान देऊन उभा होता. काही आलं नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं. पुढे शुभा होती. मागून तिची आई कुंदाताई, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मुंडावळ्या शुभाच्या हातात होत्या. तिनं त्या वडिलांना दिल्या आणि त्यांच्याकडून माईक घेतला.

"काका, माझं बोलून झालं की काहीतरी लावा," ती धाकूला म्हणाली. "सनई नको. लोक जेवून उठेपर्यंत वाजू द्या, मग पाकीट घ्या."

"होय बाय," धाकू म्हणाला, आणि त्यानं पेटी उघडली.

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी शुभा बोलतेय. नवरामुलगा येणार नाही. त्यानं दुसरीकडे लग्न केलं आहे. आहेर घरी घेऊन जा. अक्षता खुर्चीवर ठेवा."

विद्याधररावांना आपल्या तळहातात मुंडावळ्यांचे मोती टोचताना जाणवले. मामा गेल्यापासून त्यांना जाणवलेलं ते पहिलंच काही होतं.

"स्वयंपाक झाला आहे," शुभा म्हणाली. "पहिली पंगत वऱ्हाडाची असते, मुलीकडचे सगळ्यांत शेवटी जेवतात. कन्यादानासाठी माझे आईबाबा आज उपाशी आहेत. पहिल्या पंगतीला तेच बसतील, आणि वाढायला मी आहे."