अकरावं घर

“आई, ह्याचे केस कधी कापायचे नाहीत. आणि दोरी सोडायची नाही. हस्की एकदा सुटला की मागे वळून बघत नाही.”

मुलीचं हे बोलणं आईने अकराव्या घरीही जसंच्या तसं सांगितलं. मुलीला जाऊन चार महिने झाले होते. त्या संध्याकाळी ती हस्कीला घेऊन फिरायला गेली आणि कुत्रा तेवढा दोरी फरफटत घरी आला.

मघाशी फाटकातल्या राखाडी गाडीला वळसा घालताना धाकटी बहीण कुरकुरली होती. “अगं, कुत्र्याला घर शोधतेयस की जावई? दहा घरं झाली. हा सगळ्यांच्या गळ्यात पडतो.”

“म्हणून तर नको म्हटलं,” आई म्हणाली होती.

घर चांगलं होतं. गार फरशी, अंगणाला उंच कुंपण. मालकही हौशी.

“भुंकतो का?”

“नाही, रडल्यासारखा हेल काढतो. राखणीला कुचकामी. चोराचेही पाय चाटेल. वर्षातून दोनदा केस झडतात, तेव्हा मात्र रोज विंचरावं लागतं.”

“विंचरू की. पट्टा तेवढा नवा घेऊ. कडीला कसला रंग लागलाय.”

“असू दे. मीच पुसला नाही.”

मालक हात पुढे करून वाकला. कुत्र्याची शेपटी पोटाखाली गेली. सरकत सरकत तो आईच्या पायांमागे गेला आणि तिथून त्याने हेल काढला. लांबच लांब. थांबेचना.

“नवखा माणूस ना,” मालक हसला. हात मात्र त्याने मागे घेतला.

“हो ना,” आई म्हणाली. “घर पसंत आहे. येते मी.”

फाटकाशी बहीण पुटपुटली, “इथेच तर तो घाबरला. आणि तुला हेच पसंत?”

आई राखाडी गाडीकडे वळली. गाडीपाशी वाकून तिने पट्ट्याची कडी बंपरच्या खरचटलेल्या कोपऱ्याला लावून पाहिली. रंग तोच होता. आधीच्या दहाही फाटकांत राखाडीच गाड्या होत्या.

“ठोकरून पळालेली गाडी, बघितलं कुणीच नाही,” फौजदार म्हणाले होते. “साक्षीदार आणा बाई, मग बघू.”

“आणते,” असा शब्द तिने दिला होता.

तिने दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि साक्षीदाराला घेऊन ती चौकीच्या रस्त्याला लागली.