आपलीच धूळ

धम्मदीपदादा पुण्यात विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश मोजतो. त्याच्या वाटेत आपल्याच आकाशगंगेची धूळ चमकत असते, ती आधी वजा करावी लागते. तो सुट्टीत गावी, बीबीला आला, तसा धाकट्या बहिणीनं, संबोधीनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. गेलेल्या आईच्या आवाजाचं तेवढं एकच रेकॉर्डिंग, फोनवरचं, सहा मिनिटांचं. आणि त्यातही तोंडाचा पट्टा चालू तो संबोधीचाच!

"दादा, माहा आवाज वजा कर. मले फक्त आईले आयकाचं हाय."

"आता काऊन वं? तवा तर कोनाले बोलू देत नव्हती!" म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

संध्याकाळी दोघांनी एकेक इअरफोन कानात घातला. संबोधीची शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं पुसलं गेलं होतं. उरली होती फक्त आई.

"हं... मंग?... हं... सांग नं बाई, अजून सांग."